पुराव्याची वाळू

६ एप्रिल २०१९, गुढीपाडवा, सकाळी ९
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. नवी वही, नवं पेन, नवा संकल्प: तात्याचा सूड.

कारण विसरू नये म्हणून लिहून ठेवतो. आमच्या कॉलनीची मागची कंपाउंड वॉल जानेवारीत मी माझ्या देखरेखीखाली बांधून दिली. फुकट. एकतीस वर्षं साइट इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस कॉलनीला फुकट मिळाला, तर नारळ द्यायला हवा होता. मार्चमध्ये भिंतीला तडे गेले. भिंतीला तडे जातातच, तिचा तो स्वभाव आहे. पण वार्षिक सभेत तात्यासाहेब उठले. पिशोरला हेडमास्तर होते, रिटायर होऊन आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये आले. सगळ्यांसमोर म्हणाले, वैजनाथराव, वाळूत माती होती.

मला! वाळूवरून!

त्यानंतर चेअरमनची निवडणूक. तात्या आठ, मी सात, एक फ्लॅट बंद. एका मताने पडलो. एका फ्लॅटचं एक मत, आणि त्या दिवशी मी एका जुन्या साइटवर अडकलो म्हणून आमचं बायकोने, कालिंदीने टाकलं. म्हणजे बाकीच्या चौदांमध्ये एक गद्दार आहे. यादी करतोय.

७ एप्रिल, रविवार
सई दोन महिने इंटर्नशिपला हैदराबादला गेली. जाताना तिची पाल माझ्या स्वाधीन केली. पाल म्हटलेलं तिला चालत नाही, लेपर्ड गेको म्हणायचं. पिवळी धम्मक, अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव ठेवलंय पिठलं. तीन वर्षांपूर्वी तिला बारावीत मनासारखे मार्क पडले नाहीत, तेव्हा चार दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. मग हे जनावर आणून दिलं. तेव्हापासून ती आधी त्याच्याशी बोलते, मग आमच्याशी.

स्टेशनवर म्हणाली, बाबा, तुमच्यावर सोडून चाललेय, आईवर नाही, कारण आईला भीती वाटते. मला बरं वाटलं. हातात एक कागद दिला. उष्णता किती, किडे किती, कॅल्शियम किती. शेवटी: पेटीच्या तळाला फक्त कोरा कागद. वाळू अजिबात नाही. खाली तीन रेघा.

मुलगी हुशार आहे, पण वाळूबद्दल मला सांगते याचं हसू आलं.

९ एप्रिल
पिठल्याचे जिवंत किडे फ्रीजमध्ये ठेवायचे असतात. पाडव्याच्या उरलेल्या श्रीखंडाशेजारी ठेवले. कालिंदीने श्रीखंड शेजारी देऊन टाकलं. चूक किड्यांची नाही, तिची.

पेटीकडे बघवत नाही. वाळवंटातलं जनावर आणि खाली टिश्यू पेपर, हॉटेलात हात पुसायला देतात तसला. बिचारं कोपऱ्यात बसून असतं. वाळवंटात कोणी टिश्यू अंथरतं का? तळाला काय घालावं याचा शास्त्रशुद्ध विचार केला.
कोकोपीट (नारळाचा भुसा): ओलं ठेवावं लागतं. इथं नळाला सात दिवसांनी पाणी.
मुरूम: खडे टोचतील.
प्लास्टिकची हिरवळ: नखं अडकतात.
फरशी: सईने हाही पर्याय लिहिलाय. पण जवळचं फरशीचं दुकान तात्याच्या जावयाचं. मेलो तरी नाही.
उरली वाळू.

११ एप्रिल, दुपारी ४
आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

भिंतीची उरलेली दोन पोती वाळू मी पुरावा म्हणून गॅलरीत जपून ठेवलीय. तीच वाळू पेटीत घालायची. पिठलं नाजूक जनावर. असलं जनावर त्या वाळूवर महिनाभर मजेत राहिलं, तर वाळू शुद्ध, भिंत निर्दोष, तात्या खोटा. एक मेला झेंडावंदनाला सगळी कॉलनी मागच्या भिंतीजवळ जमते. तिथं पेटी टेबलावर ठेवायची, वर टॉवेल. तात्याचं भाषण संपलं की टॉवेल ओढायचा. जिवंत पुरावा!

तात्याचा चेहरा आत्ताच दिसतोय. दुपारची झोप लागली नाही.

१२ एप्रिल
नियमाप्रमाणे बाटलीची टेस्ट घेतली. साधी असते, साइटवर रोज करतात. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, खसखसून हलवायचं, तीन तास ठेवायचं. वाळू खाली बसते, मातीचा थर वर दिसतो. थर आठ टक्क्यांपर्यंत चालतो.
आला एकोणीस.
टँकरचं पाणी गढूळ असतं. पुन्हा केली, प्यायच्या जारचं पाणी घेऊन. अठरा. म्हणजे सुधारणा आहे. बाटलीही जुन्या सरबताची, बुडाशी वाकडी. असल्या बाटलीवर कोर्टही विश्वास ठेवणार नाही.
बाटली गुळाच्या डब्यामागे ठेवली.

(भिंतीच्या वेळी ही टेस्ट केली होती का, असं कालिंदीने उगाच विचारलं. घाई होती. सव्वीस जानेवारीच्या आत भिंत उभी हवी होती.)

१३ एप्रिल
वाळू चाळली. पिठाची चाळणी बारीक पडली, म्हणून पुरणाची घेतली. कालिंदी जे बोलली ते लिहीत नाही.

दोन इंच थर दिला, लेव्हल काढली. पिठलं सोडलं. आधी थबकलं, मग चार पावलं टाकली, मग जीभ काढून वाळू चाटली. दोनदा! जनावराला कळतं. तात्याला कळत नाही.

१७ एप्रिल
सईचा व्हिडिओ कॉल. एका कोपऱ्यात वाळूवर टिश्यू अंथरून पिठल्याला तिथं बसवलं आणि मोबाइल अगदी तोंडाशी धरला. म्हणाली, बाबा, जरा मागे घ्या ना, पेटी दिसत नाही. म्हटलं, रेंज नाही. खोटं नव्हे, आमच्या इकडे बायपासला रेंज कमीच असते. इतकी बांधकामं झालीत की टॉवर दिसेनासे झालेत.
म्हणाली, किती छान सांभाळताय.
फोन ठेवल्यावर थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो. उकाडा फार.

२० एप्रिल
सुडाची दुसरी आघाडी उघडली. टँकर आला की तात्या गेटवर उभा राहून शिट्टी वाजवतो आणि फ्लॅटचे नंबर पुकारतो. शाळेच्या कवायतीची शिट्टी! आम्ही काय सहावी ब? आज मला म्हणाला, वैजनाथराव, रांगेत. म्हणजे रांगेत उभं राहून अपमान, आणि पाणी चार हंडे.

घरी येऊन तक्रार अर्ज टाइप केला. ‘कंपाउंड वॉलबाबत अपप्रचार, मानहानी व शिट्टी.’ चौदा पानं झाली. नवव्या पानावर मुख्य मागणी: भिंतीच्या प्रकरणात खरा जबाबदार कोण, त्याचं नाव सर्वांसमोर जाहीर करावं. सोळा फ्लॅटसाठी सोळा प्रती झेरॉक्स केल्या. गठ्ठा जड आहे. हातात घेतला की बरं वाटतं. एक मेला टॉवेल ओढला की लगेच वाटायचा.

२४ एप्रिल
पिठलं दोन दिवस जेवलं नाही. किडा समोर धरला तर मान फिरवतं. उन्हाळ्यात भूक कमी होतेच. माझीही झालीय. तात्याची होत नाही, काल दोन आंब्याच्या पेट्या वर नेताना बघितल्या. नाही, वर नाही, तो खालीच राहतो. आत नेताना.
सहा दिवसांत पेटीत घाणही नाही. शिस्तीचं जनावर.

२७ एप्रिल
पोट चांगलं गोल झालंय. वजन वाढलं! न खाता वाढलं, म्हणजे वाळू मानवली. एक मेला कॉलनी बघतच राहील.
कालिंदी पेटीत डोकावली, मग माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. तिचं बोलणं परवडतं, हे नाही परवडत.

२९ एप्रिल, सकाळी ७
पिठलं डोळे उघडत नाही.

२९ एप्रिल, दुपारी २
छावणी भागात डॉ. लाइबा म्हणून आहेत, पाली-सापांनाही बघतात. कालिंदीने रिक्षा बोलावली. पालीला भिणारी बाई, पण डबा मांडीवर धरून बसली. मी शेजारी.

डॉक्टरने एक्स-रे काढला. पोटात पांढरा गोळा. विचारलं, अंकल, नीचे क्या डाला था? म्हटलं, कागद. कालिंदी म्हणाली, वाळू. डॉक्टर सईपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत सांगितलं, हळू, एकेक शब्द तोडून. किडा पकडताना वाळू तोंडात जाते. आत गोळा होतो. वाट बंद होते. मग जनावर मरतं. म्हणून कागद.

औषधाचे थेंब दिले. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवायचं, बोटभर पाणी, पोटावरून बोट फिरवायचं. परवापर्यंत मोकळं झालं नाही तर ऑपरेशन. एवढ्याशा जिवाचं सांगता येत नाही, म्हणाली.

सईला कळवायचं का, असं कालिंदीने रिक्षात विचारलं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा बेताने चालवा, खड्डे आहेत.

३० एप्रिल, सकाळी १०
पाचोडच्या कडुबाला फोन लावला. त्यानेच भिंतीची वाळू ट्रॅक्टरने टाकली होती. झाडलं त्याला. म्हटलं, नदीची धुतलेली म्हणून काय दिलंस मला? तो म्हणाला, साहेब, नदीत कुठली वाळू आता, नाल्याची हाय. अन् धुवायचं मी इचारलं व्हतं तुमाला. तुमीच म्हणला की, लई टाइम लागतो, प्यायला पानी नाय, तशीच टाक, सव्वीस तारखेला झेंडा हाय.
मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

३० एप्रिल, दुपारी १
पिठल्याच्या दोन अंघोळी झाल्या. काही नाही. मी हात लावला की ते अंग चोरतं.

पेटीतली वाळू घरात नको वाटली. गॅलरीतली दोन पोतीही. उद्या झेंडावंदन, लोक वर येतील, कोणी विचारेल. शांत डोक्याने निर्णय घेतला: बाथरूमच्या मोरीत ओतून वर पाणी सोडायचं. थोडी थोडी करून एक पोतं गेलं. चार हंड्यांतले तीन संपले. मग पाणी जाईना. मोरी तुंबली. काठी घातली, काठी तुटली.

३० एप्रिल, संध्याकाळी ६
दारात तात्या. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पाय चिखलाने माखलेले. त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून आमची वाळू वर आली होती. मूठ माझ्यासमोर उघडली. ओली वाळू. बोटांनी चोळली, बोटं लाल झाली.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. पाइप निकृष्ट आहे, बिल्डरने पैसे खाल्लेत, चेअरमनने लक्ष घालावं. पण तेवढ्यात तात्याचं लक्ष माझ्या हातातल्या वाडग्याकडे गेलं. पाण्यात पिठलं, मान पाण्याबाहेर टेकलेली.

विचारलं, हे सईचं ना?
आणि का कोण जाणे, मला हुंदका आला. हो म्हटलं. मरतंय म्हटलं. माझ्यामुळे. हे शेवटचं म्हणायचं नव्हतं.

तात्यासाहेब आत आले, हात धुतले (उरलेल्या हंड्यातून, तांब्याभर), खुर्ची ओढली आणि वाडगा मांडीवर घेतला. पिशोरला घरी गुरं होती, म्हणाले. वासराचं पोट धरलं की असंच करायचो. अंगठ्याने खालपर्यंत, सावकाश. दाबायचं नाही, नुसतं सांगत राहायचं. तासभर बसले. पिठलं त्यांच्या अंगठ्यावर हनुवटी ठेवून पडून राहिलं. माझ्यापाशी तीन आठवड्यांत एकदाही असं बसलं नाही!

मग म्हणाले, पेटी पुसा, कोरडा कागद घाला, कोरा, भरपूर लागेल. टिश्यू संपले होते. मी म्हटलं, घरात कागद नाही. कालिंदी आत गेली आणि गठ्ठा घेऊन आली. दोनशे चोवीस पानं, मागून कोरी.

ती पानं पालथी घालत होती, पण तात्यासाहेबांनी चष्मा लावलेला. ‘शिट्टी’ एवढं वाचलेलं मी पाहिलं.

१ मे, सकाळी ६.४०
झालं!!

पान तीनच्या पाठीवर. बोटाच्या पेराएवढं, खडबडीत. पिठल्याने डोळे उघडले, मागे वळून बघितलं आणि चालायला लागलं. मी ओरडलो. कालिंदी धावत आली. मी अनवाणी खाली गेलो आणि तात्यासाहेबांना झेंड्याच्या तयारीतून ओढून वर आणलं. त्यांनी काडीने ते पसरवून पाहिलं, वह्या तपासतात तसं. म्हणाले, वाळू थोडी, माती जास्त.
मी म्हटलं, हो.
मग ते खाली गेले, झेंडावंदन झालं, भाषण झालं. मी भिंतीजवळ उभा होतो, आता सांगतील, आता सांगतील म्हणून. भाषणात फक्त पाणी जपून वापरा एवढंच होतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन हंडे मोरीत ओतलेल्या माणसाकडे बघायला हवं होतं.
हा त्यांचा सूड असावा. फार खालच्या पातळीचा.

३ मे
गद्दाराची यादी अजून पूर्ण नाही. चौदांपैकी अकरा नावांवर फुल्या झाल्या. कालिंदी भाजी निवडत होती. म्हटलं, तुला काय वाटतं, फ्लॅट सहा की फ्लॅट बारा? ती मान वर न करता म्हणाली, मी.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
म्हणाली, मी तात्यासाहेबांना मत दिलं. तुम्ही चेअरमन झाला असता तर भिंत पाडली नसती. त्या भिंतीखाली पोरं क्रिकेट खेळतात, स्टंप तिथंच काढलेत खडूने. परवा डबा मांडीवर होता ना, तेव्हा मला तेच आठवत होतं.
मग तिने मेथी धुवायला घेतली. धुतलेलं पाणी तुळशीला घातलं.

४ मे
खाली जाऊन खडूचे स्टंप पाहिले. खरंच आहेत. हात टेकला तर प्लास्टर निघालं, मुठीत मुरमासारखं. पोरांना म्हटलं, तिकडे गेटजवळ खेळा. एक म्हणालं, काका, तिकडं टँकर येतो. म्हटलं, मग खेळू नका. दिवसभर खुर्ची टाकून तिथंच बसलो.

११ मे
बसतोच आहे. कॉलनीला वाटतं मी टँकरवर नजर ठेवतो. पिठलं दोन किडे खातं. शेपटी भरतेय.

९ जून, रविवार
सई पहाटेच्या गाडीने आली. बॅग न ठेवता पेटीकडे गेली. पिठलं हातावर घेतलं, बघत बसली, मग विचारलं, बाबा, वाळू घातली होती का? डॉक्टरचं बिल अजून फ्रीजच्या दाराला लावलेलं, म्हणजे माहीत होतं तिला. तरी विचारलं. मी हो म्हटलं. रेंजबद्दलही सांगितलं.
पिठल्याला पेटीत ठेवलं. मग म्हणाली, पुढच्या वेळी आईवर सोडून जाईन. हे बारावीच्या मार्कांपेक्षा वाईट होतं.
तिने पेटीतला वरचा कागद उलटा केला. मी म्हटलं, ते वाचू नको. वाचलं. पान नऊ. म्हणाली, बाबा, याचं काय झालं मग? नाव जाहीर झालं?

सभेत ठरल्याप्रमाणे आज भिंत पाडायची होती. अकरा वाजता सगळी कॉलनी मागे जमली. तात्यासाहेबांनी नव्या वाळूच्या टेस्टचं काम माझ्याकडे दिलंय. बाटली मात्र ते स्वतः हलवणार. चालेल. मी सरबताची बाटली नेली, गुळाच्या डब्यामागची, मातीचा थर तसाच होता. विटांच्या ढिगावर चढलो. म्हटलं, बंधूंनो, भगिनींनो, या भिंतीच्या प्रकरणात खरा जबाबदार कोण, ते मी आज सर्वांसमोर जाहीर करतो. बाटली वर धरली. म्हटलं, वाळू न धुता मीच घातली. टेस्टही मीच केली नाही. जबाबदार, वैजनाथ…

तेवढ्यात गेटवर शिट्टी झाली. टँकर.

सगळे पळाले. सईसुद्धा. आडनाव सांगितलं तेव्हा समोर फक्त राडारोडा न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलेला कडुबा होता. तो म्हणाला, ते आपल्याला ठावंच हाय की साहेब.

मीही हंडा घेऊन गेलो. तात्यासाहेब म्हणाले, वैजनाथराव, रांगेत. आमचा नंबर नववा होता.